माझ्या वाटणीचा तांदूळ

लग्नाला सहा वर्षं झाली तरी माझं नाव माहेरच्या रेशनकार्डावरच होतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते कमीच केलं नव्हतं. "लेकीचं नाव आपल्याच हातानं खोडायचं? जमायचं न्हाय," म्हणून विषय संपवायचे. माझ्या वाटणीचा तांदूळ मात्र दर महिन्याला गगनबावड्याहून एसटीनं मंगळवार पेठेत, माझ्या सासरी यायचा. सासूबाई हसायच्या. मला आतून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग अंगणवाडीतल्या तपासणीत माझ्या चार वर्षांच्या लेकीच्या हृदयाला छिद्र असल्याचं निघालं. ऑपरेशन सरकारी विमा योजनेतून होणार होतं, पण त्यासाठी तिचं नाव रेशनकार्डावर हवं. सासरच्या कार्डावर ती नव्हती, कारण मीच नव्हते. "आधी माहेरचा नाव कमी केल्याचा दाखला आणा, मग मायलेकींची नावं एकदम चढवू," रेशन ऑफिसातल्या बाई म्हणाल्या. मला माझाच राग आला. आबांच्या हट्टाचं कौतुक करत मी सहा वर्षं गप्प बसले होते आणि आता पोरीचं ऑपरेशन अडलं होतं.

आबांना फोन लावला. त्यांच्या हेक्यापुढं भावकीत भल्याभल्यांनी हात टेकलेत, म्हणून मी भांडायच्या तयारीतच होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्या सकाळीच जातो की."

दाखला घेऊन ते स्वतःच आले. धुतलेल्या दुधाच्या पिशवीत घालून, वर सुतळी बांधून. आमची नावं चढली, लेकीचं विम्याचं कार्डही निघालं. दवाखान्याच्या रांगेत आबा पुढच्या-मागच्याला मोठ्यानं सांगत होते, "पावणं, लेकीचं लगीन झालं की नाव लगीच काढून द्या. मी येड्यागत सहा वर्सं धरून बसलो." जन्मात कधी चूक कबूल न केलेला माणूस ती चारचौघांत सांगत होता. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मान खाली घालायचं सुचलंच नाही.

ऑपरेशन नीट झालं. पोरगी आता जिना धावत चढते.

पुढच्या महिन्यात एसटीनं पुन्हा तांदूळ आला. मी फोन केला, "आबा, माझं नाव गेलं की आता."

"तुझं गेलं. माझं हाय न्हवं अजून."