शनवार-ऐतवार फ्रान्स

ओले हात पदराला पुसायचे, दोन बोटं समोरच्याच्या नाकापुढे धरायची आणि म्हणायचं, "शनवार-ऐतवार. जास्ती नाय." फ्रान्सचा विषय निघाला की बायचं हे ठरलेलं. तिला फ्रान्सला जायचं होतं, तेही दोनच दिवस, आणि तिथे जाऊन काहीही करायचं नव्हतं.

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये ती स्वयंपाक करायची. घर शेजारच्याच मोरिवलीत. हेल्परपासून मॅनेजरपर्यंत सगळे तिला बायच म्हणत. मी टाइम ऑफिसात कारकून. बेलवलीच्या घरून निघायचो ते तिच्या चहाच्या आशेवर.

सुट्टी हा प्रकार बायच्या वाट्याला नव्हता. लग्नसराईत शनिवार-रविवारी गावात कुणाकडे तरी हळद असायची आणि एवढ्या माणसांचं मटण तिच्याशिवाय कुणी हाती घेत नसे. आधी पुरुषांच्या पंगती, मग पोरं, मग पाहुण्या. वाढणाऱ्या बायका सगळ्यात शेवटी, चुलीपाशी उकिडव्या. घरी रोजचंही तेच. तुमच्या पाहण्यातही अशा बायका असतील. त्यांना जेवताना कुणी बघितलेलं नसतं.

ऐंशीच्या दशकात कधीतरी नवं मशीन बसवायला एक फ्रेंच इंजिनिअर आला. महिनाभर त्याने बायच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या खाल्ल्या. जाताना तिला आपल्या गावाचा एक फोटो दिला आणि मला म्हणाला, "हिला सांग, एखाद्या शनिवार-रविवारी या." आपण रस्त्यात भेटलेल्याला "या एकदा घरी" म्हणतो, तसंच ते होतं. पण मोरिवलीत बोलावणं म्हणजे बोलावणं. गेलं नाही तर माणसं जन्मभर अबोला धरतात. बायने लगेच मान डोलावली.

फोटोत द्राक्षांच्या मांडवाखाली एक लांब टेबल होतं. मागे कौलारू घरं. टेबलाच्या टोकाला इंजिनिअरची म्हातारी आई हातात पेला घेऊन बसलेली.

"पेल्यान काय हाय?"

"द्राक्षाची दारू. गावात सगळे तीच बनवतात."

"मंग आमचे ताडीसारखंच की." तिने फोटो जवळ धरला. "पन भाऊ, ही बसलीय, तं वाढतंय कोन?"

इंजिनिअरने सांगितलेलं मी तिला सांगितलं. रविवारी सगळी भांडी टेबलावर मधोमध ठेवतात, सगळे एकदम बसतात आणि दुपारभर जेवतात.

"म्हातारीपन?"

"ती सगळ्यांच्या आधी."

बायने तो फोटो मसाल्याच्या डब्यांवर भिंतीला चिकटवला. आणि बेत सुरू झाला. शनिवारी दुपारची जेवणं आटोपून निघायचं, सोमवारी पहिल्या पाळीला हजर. विमानातच दिवस मोडतो म्हटलं, तर म्हणाली, "मंग शुक्रवारी निंगू." म्हातारीसाठी सुक्या कोळंबीचे सोडे न्यायचे. तिच्या स्वयंपाकघरात अजिबात पाऊल टाकायचं नाही. दुपारी झोपायचं, उठून पुन्हा बसायचं. कामगार हसत. ती पळी हातात घेऊन म्हणे, "हसा. आमटी मीच वाढनार हाय."

बॅग घ्यायला आम्ही उल्हासनगरला गेलो. सिंधी दुकानदाराने विचारलं, "कहाँ जाना है, माई?"

"फ्रान्स."

त्याने सगळ्यात मोठी सुटकेस खाली उतरवली. बायने दोन बोटं वर केली. "फकस्त शनवार-ऐतवार." शेवटी तिने खांद्याला लावायची एक लाल पिशवी घेतली.

मग मी कल्याणच्या ट्रॅव्हलवाल्याकडे चौकशी केली. तिकिटाचा आवाक्याबाहेरचा आकडा मी तिला सांगितला. ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. मला वाटलं, संपलं. निवडून झाल्यावर तिने विचारलं, "तिकीट विमानाचं लागतं ना? नुसतं बसायला तं नाय ना लागत?"

त्या शनिवारी तिने घरी लाल पिशवी भरली, अंगणातल्या जांभळीखाली खुर्ची टाकली आणि बसली. पेल्यात ताडी. भर लग्नसराईत. बातमी ऐकून रविवारी मी मुद्दाम बघायला गेलो. ओटीवरून नवरा ओरडत होता, "आगो, च्या कोन ठेवील?"

"मी घरान नाय," बाय म्हणाली. "मी फ्रान्सला हाय. सोमवारी येन."

तेवढ्यात हळदीचं बोलावणं घेऊन दीर आला. त्यालाही तेच उत्तर. तो म्हणाला, गावात नाक कापलं जाईल. "कापू द्या. मी गावान हाय कुठं?" सुना दाराआड तोंडाला पदर लावून हसत होत्या. दुपारी तिने सगळी भांडी अंगणात मधोमध आणायला लावली, सुनांना खाली बसवलं आणि स्वतः पहिला घास घेतला. नवरा उपाशी आत जाऊन झोपला. संध्याकाळी मुकाट्याने बाहेर येऊन त्याने आपल्या हाताने भात वाढून घेतला. मला ती त्या दिवशी फार आवडली.

त्यानंतर वर्षातून एकदा तरी ती फ्रान्सला जायचीच. गावाने आधी नावं ठेवली, मग टिंगल केली, आणि नव्वदच्या दशकात हळदीची तारीख धरताना लोक विचारू लागले, "बाय हितं हाय ना तवा?" ती फ्रान्सला कधी गेलीच नाही, असं कुणी म्हणालं तर आजही मी त्याच्याशी भांडतो.

कारखाना बंद पडला त्याच्या पुढच्याच वर्षी बाय गेली. बारावं रविवारी आलं. अंगणात पानं मांडून झाली. पुरुष हात धुऊन आले, तर पहिल्या पंगतीत तिच्या दोन्ही सुना आणि गावातल्या वाढणाऱ्या बायका आधीच बसलेल्या. जांभळीखाली रिकामी खुर्ची होती आणि तिच्यापुढेही एक पान.

"आता वाढनार कोन?" दीर ओरडला.

थोरली सून जागची हलली नाही. "जे हुबे हायेत ते," ती म्हणाली.

मी उभा होतो. मी वरणाची बादली उचलली आणि पहिली पळी जांभळीखालच्या पानावर वाढली. मागे वळून पाहिलं, तर म्हातारा नवरा भाताची परात घेऊन माझ्या मागे उभा होता.