दहा हजारांच्या वतीने

पोलिक्सेनीला घरात दिवसभर काही ना काही विचारलं जायचं. मीठ कुठे ठेवलंय, लाझारोसचा निळा शर्ट वाळला का, कालचा पाव उरलाय का. पण ‘तुला काय वाटतं’ असं पंचाहत्तर वर्षांत कुणी तिला विचारलं असेल तर शपथ!

नवरा होता तेव्हा तर प्रश्नच नव्हता. स्टेर्ग्योस म्हणजे कॉफीच्या अड्ड्यावरचा पुढारी. सरकार पाडायचं की ठेवायचं हे तो रोज संध्याकाळी तिथं बसून ठरवायचा आणि घरी येऊन जेवायचा. मतदानाच्या दिवशी सकाळी तो कोटाच्या खिशातून घडी केलेली मतपत्रिका काढायचा. उमेदवाराच्या नावापुढे फुली आधीच मारलेली असायची. ‘‘ही पाकिटात घाल, पेटीत टाक आणि ये. उगीच डोकं चालवू नकोस.’’ ती तसंच करायची. गावातल्या निम्म्या बायका तसंच करायच्या, तेव्हा त्यात कुणाला काही वावगंही वाटत नसे. तो गेल्यानंतर, म्हणजे गेल्या साली, ती पहिल्यांदा एकटी पडद्याआड गेली आणि इतका वेळ आत उभी राहिली की बाहेरचा अधिकारी खाकरायला लागला.

शाळेचं म्हणाल तर तिसरी. तिसरीची वार्षिक परीक्षा होती, तिनं सगळं घोकून ठेवलं होतं, आणि सकाळी आईनं वेणी घालून पाठवली तर शाळेत सैनिक येऊन उतरलेले. यादवीचे दिवस होते. बाकं जाळून त्यावर सूप उकळत होतं. पुढे शाळा उघडली तेव्हा पोलिक्सेनी तंबाखूची पानं ओवायला लागली होती. झालं, शिक्षण संपलं. तिनं त्याचं कधी भांडवल केलं नाही. फक्त नातवंडांच्या परीक्षा आल्या की ही बाई उगीचच आतबाहेर करायची आणि पेपर कसा गेला हे पोरांच्या आईच्या आधी विचारायची.

नातवंडं आता जर्मनीत. ग्रीसमधल्या कोझानीजवळच्या त्या गावात, विटांच्या दुमजली घरात, ती, लेक अँथूला आणि जावई लाझारोस अशी तीनच माणसं राहिली होती.

सप्टेंबर संपत आला होता. दुपारी दारात एक मुलगी उभी राहिली. पाठीवर पिशवी, पायांत धुळीनं भरलेले बूट, चेहरा उन्हानं लाल झालेला. मिर्सिनी तिचं नाव. थेस्सालोनिकी शहरातून आलेली. नागरिकांना राज्यकारभाराचं, इतिहासाचं, पैशाच्या व्यवहाराचं किती कळतं याची पाहणी चालली होती आणि चिठ्ठ्या टाकून या घराचा नंबर लागला होता. आता घरातलं कोण, तर त्याचाही नियम होता. ज्याचा वाढदिवस सगळ्यांत अलीकडे होऊन गेला असेल, त्यालाच विचारायचं. दुसरं कुणी चालणार नाही.

‘‘अगं, मग आईचाच की!’’ अँथूला आतून म्हणाली. ‘‘परवाच झाला. मुरांबा आहे अजून, बस, देते तुला.’’

आता इथं काय झालं ते सांगायला हवं. आमच्याकडे जुन्या माणसांचे वाढदिवस कोण लक्षात ठेवतं? ज्या संताचं नाव ठेवलंय त्या संताचा दिवस तोच आपला दिवस. त्या दिवशी दार उघडं ठेवायचं, बोलावल्याशिवाय लोक येतात, त्यांच्या हातावर गोड ठेवायचं. संत पोलिक्सेनीचा दिवस नुकताच झाला होता आणि बाई जन्मली कधी हे तिच्या आईलाही धड सांगता आलं नसतं. कागदावर एक जानेवारी लिहिलंय, कारण कारकुनाला काहीतरी लिहायचं होतं. मिर्सिनीला हे सगळं माहीत होतं. प्रशिक्षणात तिला बजावलंही होतं की गावाकडे दोनदा विचारा, जन्माचा दिवस ना, अशी खात्री करून घ्या. पण ती सकाळपासून पायपीट करत होती, समोर गार पाण्याचा पेला आला होता, आणि तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

‘‘मला विचारणार?’’ पोलिक्सेनी म्हणाली. ‘‘मला?’’

‘‘तुम्हालाच, मावशी.’’

लाझारोस कोचावर लोळत टीव्ही बघत होता. वीजकेंद्रातून निवृत्त झालेला, मनानं चांगला, तोंडानं फटकळ. तो हसला. ‘‘सासूबाईंना? अहो, त्यांना कोंबड्यांचे भाव विचारा. राज्यकारभाराचं मी सांगतो, लिहा.’’

‘‘दुसऱ्यानं बोलायचं नाही, काका. खोलीत बसायचंही नाही.’’

‘‘माझ्याच घरात?’’

‘‘लाझारोस, ऊठ आणि अड्ड्यावर जा,’’ पोलिक्सेनी म्हणाली. असा आवाज अँथूलानं आईच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. जावई निमूटपणे उठला.

बाईनं ॲप्रन सोडला, केस सारखे केले आणि टेबलापाशी ताठ बसली.

संसदेत किती सदस्य? ‘‘तीनशे. हे तर शेंबडं पोरही सांगेल.’’

राष्ट्राध्यक्षाला कोण निवडून देतं? ‘‘आपण. लोक.’’ हे तिनं जरा घाईनं सांगितलं.

बँकेत ठेवलेल्या पैशावर दोन टक्के व्याज मिळतं आणि महागाई पाच टक्क्यांनी वाढते. वर्षानंतर त्या पैशात जास्त येईल, तेवढंच येईल, की कमी? ‘‘दोन टक्के देते कोणती बँक? मला तिचा पत्ता दे.’’

‘‘मावशी, तिन्हीतलं एक सांगा.’’

‘‘कमी गं. आमचं कमीच येतं दर वर्षी.’’

ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकांची अदलाबदल करायचा करार कोणत्या साली झाला? यावर बाई खुलली. ‘‘चोवीस! माझी आई चोवीस सालीच बोटीतून उतरली. कडेवर मामा, आणि डोक्यावर शिवणयंत्र.’’ मिर्सिनीनं मान हलवली नाही की भुवई उचलली नाही. तसं करायला मनाई होती.

बायकांना मतदानाचा हक्क कधी मिळाला? पोलिक्सेनीनं बोटांवर हिशेब केला. मग म्हणाली, ‘‘मला गेल्या वर्षी मिळाला.’’

‘‘तसं नाही, मावशी. देशात सगळ्यांना.’’

‘‘सगळ्यांचं मला कसं कळणार? माझं सांगितलं.’’

मिर्सिनीनं ‘माहीत नाही’ या चौकोनात खूण केली.

सगळं संपल्यावर बाईनं विचारलं, ‘‘पास का?’’ मुलीनं सांगितलं, ते सांगता येत नाही. पण म्हातारीचा चेहरा इतका उत्सुक होता की तिला राहवेना. ती म्हणाली, ‘‘मावशी, देशात आम्ही हजार माणसांनाच विचारतो. म्हणजे तुमचं एक उत्तर दहा हजार माणसांच्या वतीनं धरलं जातं.’’

बस्स! हे वाक्य त्या पोरीनं बोलायला नको होतं. चांगल्या मनानं बोलली, पण नको होतं.

दहा हजार! त्या दिवसापासून पोलिक्सेनीचे पाय जमिनीवर नव्हते. बेकरीत गेली, तिथं सांगितलं. चर्चमध्ये मेणबत्ती लावताना शेजारणीला सांगितलं. शेजारीण म्हणाली, ‘‘मग आमच्या पेन्शनचं बोललीस का काही?’’ ‘‘विचारलं असतं तर बोलले असते,’’ पोलिक्सेनी म्हणाली. बेकरीवाला तिला ‘या, आमदारीणबाई’ म्हणायला लागला, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलं.

पण चारसहा दिवसांत चेहरा उतरला. गावातल्या निवृत्त मास्तरांना तिनं सहज म्हणून तेच प्रश्न विचारले होते. मास्तर हसून म्हणाले, राष्ट्राध्यक्षाला लोक नव्हे, संसद निवडते. करार तेवीसचा. बायकांचा हक्क बावन्नचा.

‘‘तेवीस? पण आई तर चोवीसला आली.’’

‘‘करार आधी झाला, माणसं नंतर आली.’’

‘‘म्हणजे वर्षभर तिला कुणी सांगितलंच नाही का, की तू आता इथली राहिली नाहीस?’’

घरी येऊन तिनं अँथूलाला सांगितलं, ‘‘मी दहा हजार लोकांच्या तोंडी चुकीचं घातलं गं. बिचाऱ्यांना पत्ताही नाही.’’

‘‘आई, काहीतरीच! कोण बघतंय?’’

‘‘म्हणजे काय? बघणार नव्हते तर ती पोर एवढ्या उन्हात कशाला आली?’’

तिला झोप लागेना. मिर्सिनी फोन नंबर ठेवून गेली होती. बाईनं तो फिरवला आणि विचारलं, उत्तरं दुरुस्त करता येतील का. पलीकडे मिर्सिनीनंच फोन घेतला. म्हणाली, ‘‘मावशी, मला तसंही तुमच्याकडे पुन्हा यायचंच आहे. शनिवारी येते.’’ इतकंच. पुढचं फोनवर सांगायचा तिला धीर झाला नाही.

आता बाईला दुसरं काय वाटणार? पुन्हा येणार म्हणजे पुन्हा विचारणार. ती शेंगा सोलताना घोकायला लागली. बावन्न, तेवीस, संसद. मास्तरांकडे जाऊन तिनं आणखीही विचारून घेतलं: पंतप्रधान कोण नेमतं, अंदाजपत्रक म्हणजे काय, तूट म्हणजे काय. तूट तिला लगेच कळली. लाझारोस चिडवायचा, ‘‘सासूबाई, मंत्री झालात की माझी पेन्शन वाढवा हं!’’ शनिवारी तिनं लेकीच्या लग्नातला काळा झगा काढला, गळ्यात सोन्याचा क्रूस घातला आणि टेबलावर स्वच्छ कापड अंथरलं.

मिर्सिनी आली आणि तो झगा बघून तिनं पाठीवरची पिशवीही खाली ठेवली नाही. ती उभ्याउभ्याच बोलली, एका दमात. मध्ये पाहणीच्या कचेरीतून तपासणीचा फोन आला होता. तो लाझारोसनं घेतला होता. घरात कुणाचा जन्म कधीचा असं त्यांनी विचारलं आणि लाझारोसनं सांगितलं, माझा बारा सप्टेंबर, बायकोचा मे महिन्यात, सासूबाईंचा कागदोपत्री एक जानेवारी. म्हणजे नंबर लाझारोसचा होता. ‘‘चूक माझी आहे, मावशी. मी नीट विचारायला हवं होतं. तुमची उत्तरं... ती काढून टाकावी लागली.’’

‘‘काढून टाकली म्हणजे?’’

‘‘धरणार नाहीत.’’

‘‘एकही नाही? तीनशे सदस्य, ते तरी?’’

‘‘एकही नाही.’’

लाझारोस दारात उभा होता. त्याचा चेहरा पडला. ‘‘मला काय माहीत! त्यानं विचारलं, मी सांगितलं,’’ तो म्हणाला. ‘‘तुम्ही आईंचंच लिहा ना. मला कुठे हौस आहे?’’ पण तसं करता येत नव्हतं. तपासणीचा फोन पुन्हा येणार होता.

पोलिक्सेनीनं जावयाकडे बघितलं. ‘‘बस बाबा तू. तुझी पाळी आहे,’’ ती म्हणाली आणि आपणहून स्वयंपाकघरात गेली, कारण खोलीत दुसऱ्यानं बसायचं नसतं हे तिला माहीत होतं. दार तिनंच ओढून घेतलं. पण ते दार कधीच नीट लागत नसे. राष्ट्राध्यक्षाला कोण निवडतं, असं बाहेर विचारलं गेलं आणि लाझारोस मोठ्यानं म्हणाला, ‘‘लोक! दुसरं कोण?’’ तेवीस सालचा करार त्यानं तीस सालात नेऊन टाकला. आत पोलिक्सेनी ओट्याला टेकून उभी होती. ओरडून सांगावंसं वाटत होतं, इतकं वाटत होतं की तिनं तोंडाशी पदराचं टोक धरावं तसा हातरुमाल धरला. अँथूला तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आईला फार लागलंय हे तिला आता कळलं, आणि ‘आईचाच की’ असं आपणच भसकन बोललो होतो हेही आठवलं.

काम आटोपल्यावर मिर्सिनी आत आली. रडवेली झाली होती. ‘‘मावशी, या ना, बसा. मी तुम्हाला सगळे प्रश्न पुन्हा विचारते. माझ्यासाठी. आणि या वेळी बरोबर की चूक तेही सांगते.’’

पोलिक्सेनीनं मुरांब्याची बरणी काढली, चमचाभर बशीत घातला, शेजारी पाण्याचा पेला ठेवला. तिला राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं, मिर्सिनीला वाटलं.

‘‘नको बाळ,’’ ती म्हणाली. ‘‘येत नव्हतं तेव्हा तू सगळं लिहून घेतलंस. आता येतंय, तर माझी पाळी नाही. खा तू, दमली असशील.’’