कावीळ नव्हती

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी माझा नवरा श्रीकांत कामावर निघाला. विचुंब्याच्या नाक्यावर कंपनीची बस आली. दार उघडलं. तो चढला नाही. बस गेली. तो तिथेच उभा राहिला. मी खिडकीतून पाहत होते. मी खाली गेले आणि त्याला घरी आणलं.

अंबाजोगाई सोडून आम्हाला तेव्हा काही वर्षं झाली होती. निघताना एसटी स्टँडवर माझ्या आईने डबा हातात दिला आणि म्हणाली, "सुखात राहा म्हणत न्हाई मी. येळेवर जेवत जावा, बास." आम्ही दोघं हसलो होतो. श्रीकांतला द्रोणागिरीत, जहाजांचा माल जिथे साठवतात त्या गोदामाच्या ऑफिसात नोकरी लागली होती. मला पुढे नवीन पनवेलला एका शाळेच्या ग्रंथालयात काम मिळालं. आधी कळंबोलीत भाड्याने राहिलो, मग विचुंब्यात दोन खोल्या घेतल्या. घरी कादंबऱ्यांवर तासन् तास बोलणारी आम्ही माणसं, हळूहळू शिफ्ट, कंटेनर, कट-ऑफ असं बोलायला लागलो. कट-ऑफ म्हणजे जहाजावर माल चढवण्याची शेवटची वेळ. त्याआधी कागद पुरे झाले नाहीत तर माल राहतो आणि बोलणी ज्याच्या टेबलावर कागद होते त्याला बसतात. गावाकडे फोनवर मात्र आम्ही समुद्र जवळ आहे एवढंच सांगायचो.

त्या सोमवारनंतर आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, डिप्रेशन. औषधं दिली. मधुमेहासारखाच हा आजार आहे, वेळ लागेल, म्हणाले.

रजेसाठी मी श्रीकांतच्या वरिष्ठांना, काझीसाहेबांना भेटले. पनवेलचेच, जुन्या घराण्यातले, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी केबिनचं दार लोटलं आणि म्हणाले, "भाभी, मी त्याला धाकटा भाऊ मानतो, म्हणून सांगतो. वर हे नाव गेलं ना, की त्याला परत जबाबदारीचं काम मिळणार नाही. आपण कावीळ सांगू. काविळीला कोणी नावं ठेवत नाही." त्यांच्या डोळ्यांत खरोखर काळजी होती. घरी येऊन सांगितलं तर श्रीकांत म्हणाला, "सांगू दे त्यांना."

मग आमच्या घरी काविळीची माणसं यायला लागली. कोणी उसाचा रस आणला, कोणी मुळ्याचा पाला. ऑफिसातला, उरणकडचा जनार्दन, जो श्रीकांतला रोज "काय मराठवाडा, आज तरी आंगोल झाली का? पानी हाय ना गावाला?" असं छेडायचा, तो त्याच्या गावच्या म्हातारीकडून काविळीची माळ घेऊन आला. वनस्पतीच्या काड्यांची ती माळ डोक्यावर ठेवायची. ती वाढत वाढत गळ्यात उतरली, की कावीळ उतरली. "वैनी, डाक्टरला इचारू नका. त्यांना काय म्हाईत नाय," तो म्हणाला. श्रीकांतने मुकाट्याने माळ घालून घेतली. काड्या सुकल्या की गाठी सैल होतात, माळ लांबते, ती कुणाच्याही डोक्यावरून उतरते. उतरलीच. जनार्दन टाळी वाजवून म्हणाला, "बगा, पलाली!" आणि कित्येक दिवसांनी श्रीकांत हसला. माळेला हसला असेल, पण जनार्दनच्या येण्याने हसला, असं मला अजून वाटतं.

कावीळ बरी होते, तिला एक शेवट असतो. म्हणून श्रीकांतलाही बरं व्हावं लागलं. तो कामावर गेला तेव्हा सगळे म्हणाले, आता कसा फ्रेश दिसतोस. टेबलावर साठलेले सगळे कागद त्याची वाट पाहत होते. औषधांनी त्याला उभं केलं होतं, पण उभं राहणं आणि धावणं यांत फरक असतो, हे तिथे कुणाला कळायला वाव नव्हता. आम्हीच तो ठेवला नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात दुखणं परत आलं. काझीसाहेब म्हणाले, "या वेळी टायफॉइड सांगू या." श्रीकांत नको म्हणाला. तो थेट मॅनेजरकडे गेला. "मला डिप्रेशन आहे, उपचार चालू आहेत. मला काम करायचं आहे, फक्त रात्रीचे कट-ऑफ काही महिने दुसऱ्या कुणाला द्या." संध्याकाळी हे मला सांगताना त्याचा चेहरा मोकळा होता.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने रात्रीचं काम काढलं, मग दिवसाचंही काढलं. "तुम्ही नुसते बसा, टेन्शन घेऊ नका," म्हणाला. श्रीकांत रोज बसने द्रोणागिरीला जायचा आणि रिकाम्या टेबलाशी बसून परत यायचा. ऑफिसात तो जेवायला आला की टेबलावरचं बोलणं थांबायचं. जनार्दनने छेडणं सोडलं. त्याला गावाच्या पाण्याचं कुणी विचारेना. एकदा घरी भाजी निवडता निवडता श्रीकांत म्हणाला, "कावीळ होती तेव्हा लोक रस घेऊन आले. आता कोणी चहाला चल पण म्हणत नाही गं."

पुढच्या दिवाळीनंतर श्रीकांत गेला. त्याने आत्महत्या केली. एका कारणाने असं होत नाही, असं डॉक्टरांनी मला बसवून समजावलं, आणि मी ते मानते. ऑफिसवर आळ घ्यायला मी हे लिहीत नाही.

ऑफिसची माणसं घरी आली. काझीसाहेब माझ्याजवळ येऊन बसले. मग हळूच म्हणाले, "भाभी, बाहेर हार्ट अटॅक म्हणू. त्याची इज्जत राहील." मी म्हणाले, "त्याने स्वतः तोंडाने सांगितलं होतं काय झालंय ते. मी ते खोटं कसं पाडू?" दाराशी उभा असलेला जनार्दन रडायला लागला. "मना वाटला, मस्करी केली तर त्याला तरास व्हईल. म्हनून गप बसलो, वैनी. कोनी सांगलाच नाय, कसा बोलायचा ते."

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. रस कधी द्यायचा, माळ कधी घालायची, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली ही माणसं. या आजाराच्या माणसाशी आधी बोलायचो तसंच बोलायचं असतं, त्याचं ओझं हलकं करायचं असतं पण त्याचे हात रिकामे ठेवायचे नसतात, एवढंच त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

अंबाजोगाईहून आई मला न्यायला आली होती. मी गेले नाही. तिकडे सगळ्यांना हार्ट अटॅक माहीत आहे. आईनेच तसं सांगितलं, आणि तिच्या वयाकडे पाहून मी तिला आजवर खोडलं नाही. तुम्ही जे तिकडे राहिलात, आणि माझ्यासारखे जे निघून पुण्या-मुंबईला, आखातात गेलात, त्या तुम्हा सगळ्यांना आज मी खरं कळवते आहे. घर म्हणजे जिथे श्रीकांतबद्दल खरं बोलता येतं ती जागा, आणि माझ्यापुरती ती आता इथे आहे.

काझीसाहेब निवृत्त झाले. त्यांच्या ओळखीतून कधी या आजारातल्या एखाद्याची बायको, कधी आई मला भेटायला येते. मी चहा ठेवते, डॉक्टरांचं नाव सांगते, आणि ऑफिसात खरं सांगताना सोबत कुणाला न्यावं ते सांगते. काही जण बरे होऊन कामावर जातात. काहींचं पुढे काय झालं ते मला कळत नाही. सकाळी शाळेत जाते, संध्याकाळी येते. घरात पुस्तकं आहेत. श्रीकांत नाही.