कच्च्या पात्यावरचं मोठं नाव

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी एक व्याख्यान असतं आणि ते कुणीही ऐकत नाही. लोकांचं लक्ष जेवणाच्या रांगेकडे. यंदा बळीचा बकरा मी होतो.

मी अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधला निवृत्त धातुतज्ज्ञ. युरोपातल्या एका नदीच्या गाळातून उकरून काढलेली हजारेक वर्षांपूर्वीची तलवार इथल्या प्रयोगशाळेत तपासायला आली, तेव्हा जुन्या ओळखीने मला बोलावलं होतं. एक्स-रेमध्ये गंजाखाली अक्षरं दिसली, पात्यात लोखंडी तार ठोकून बसवलेली. त्या काळच्या नामांकित कारागिराची ती खूण. पातं मात्र कच्चं निघालं, नुसतं मऊ लोखंड. कुणा भामट्या लोहाराने दुसऱ्याचं नाव ठोकून आपला माल खपवला होता. अहवालात मी तसंच लिहिलं. माझी मुलगी याच विषयात पीएचडी करते, तिनेही तो वाचला. दर रविवारी ती स्वतःची रीडिंग्ज मला तपासायला आणायची. निवृत्तीनंतर माझ्या शब्दाला किंमत उरली होती ती तेवढ्याच टेबलावर.

व्याख्यानाचा विषय हीच तलवार. मंडळाचे अध्यक्ष सॉफ्टवेअरवाले. लोखंडाशी त्यांचा संबंध तव्यापुरता. अशा काही तलवारींचं पोलाद पूर्वेकडून गेलं असावं, असं त्यांनी कुठेसं वाचलं होतं. झालं! पूर्व म्हणजे भारत आणि भारत म्हणजे आपण. ही तलवार मुळातच नकली आहे, असं मी त्यांना दोनदा सांगितलं.

"काका, डीटेल्स कोण बघतंय? फक्त स्टील आपलं होतं एवढं म्हणा. ऑडियन्स एकदम चार्ज होईल."

उथळ पाण्याला खळखळाट फार, असं मनात म्हणत मी खरं तेच सांगायचं ठरवून स्टेजवर गेलो. दहा मिनिटं गंजावर बोललो. पहिल्या रांगेतल्या काकू मोबाइलवर फोटो बघत होत्या. मागे कुणीतरी पुऱ्या किती आल्यात ते विचारत होतं. आणि मी, चाळीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेला माणूस, म्हणालो, "या तलवारीचं पोलाद आपल्या मुशीतून गेलं."

मोबाइल खाली गेले. टाळ्या पडल्या. मला इतकं बरं वाटलं की तेच वाक्य मी आवाज चढवून पुन्हा म्हटलं. नंतर अध्यक्षांनी शाल घातली आणि मी ती मुकाट्याने घालून घेतली. त्या लोहाराला निदान पोट तरी भरायचं होतं.

परतताना गाडी मुलगी चालवत होती. तिने एवढंच विचारलं, की ते मऊ लोखंड होतं ना? लोकांना बरं वाटलं, त्यात कुणाचं काय गेलं, असं मी म्हणालो.

रविवारी ती नेहमीप्रमाणे आली. आमटीचं कौतुक केलं, दुसऱ्यांदा भात घेतला. जेवणं झाल्यावर मी चष्मा पुसून टेबलाशी बसलो आणि रीडिंग्ज मागितली.

"ती मी ॲडव्हायझरना दाखवली, बाबा," ती अगदी मायेने म्हणाली. "आता तू चेक नाही केलीस तरी चालेल."