बोटभर पट्ट्या

आमच्या आत्याला एका जागी बसवणं म्हणजे पारा चिमटीत धरणं. ग्रंथालयाच्या तळघरात एकतीस वर्षं तिनं जुनी पुस्तकं बांधली, पण खुर्ची कधी तापली नाही. उसवलेली पानं शिवायची, पाठीवरचा जुना सरस ओल्या फडक्यानं सोडवायचा आणि मध्येच उठून कपाटाचं कुलूप ओढून बघायचं. "आत्या, सोन्याच्या विटा ठेवल्यात का गं?" मी चिडवायचे. "तुझी अक्कल ठेवलीय," ती म्हणायची.

निवृत्तीला दोन महिने उरले तेव्हा मात्र न राहवून तिनं मला सांगितलं. आत बिस्किटांचा डबा होता.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात डॉक्टरकीचं एक जुनं पुस्तक बांधायला आलं होतं. साहेबांना फळीवर सगळी पुस्तकं एका रेषेत हवी होती. आत्यानं समास न बघताच पुस्तक कटरखाली सरकवलं, दांडा ओढला आणि बोटभर पट्ट्या खाली पडल्या. त्यांवर शाईची अक्षरं होती. कुण्या डॉक्टरानं तापाच्या साथीत रोग्यांची नावं समासात लिहिली होती. पुढे काय झालं ते, जागा पुरेना म्हणून, अगदी कडेला उभ्या ओळीत. नावं पुस्तकात राहिली, पुढचं सगळं कापलं गेलं. नवी नोकरी, तोंडाला कुलूप. उद्या सांगू म्हणत तिनं पट्ट्या क्रमानं दोऱ्यात बांधून डब्यात घातल्या. तो उद्या काही उजाडला नाही. नंतर मात्र साहेबांनी कितीही आदळआपट केली तरी तिनं एकाही जुन्या पुस्तकाला कटर लावला नाही. "वेडंवाकडं दिसू दे, पण पुरं राहू दे," म्हणायची.

परवा मी तिच्याकडे गेले असताना एक आजोबा काठी टेकत तळघरात उतरले. हातात तेच पुस्तक. साथीत ते चार वर्षांचे होते. आईला ताप आला आणि त्यांची रवानगी अनाथाश्रमात झाली. आई वारली, एवढंच त्यांना सांगितलं होतं. आता समासात तिचं नाव सापडलं होतं.

"बाई, याच्यापुढचं कुठं आहे?"

आत्या उठली, बसली, परत उठली. मला वाटलं, आता पळते. तिनं कुलूप काढलं, पानं मोजून एक पट्टी ओढली आणि त्या पानाला लावली. उभी ओळ तिनं न बघताच म्हटली, "बरी झाली. मुलगा कुठे म्हणून रोज विचारायला येते."

म्हणजे तिला पाठ होती! ती ओळ कुणाची, तेवढं तिनं कधी शोधलं नव्हतं.

आजोबांनी पट्टीवरून बोट फिरवलं. मग डब्याकडे पाहिलं.

"हा इथं कधीपासून आहे?"

"एकतीस वर्षं."

ते मनात आकडेमोड करत राहिले.

"तेव्हा आई सत्तरीची असती," ते म्हणाले.

आत्या खुर्चीत बसली. ग्रंथालय बंद व्हायची घंटा झाली तरी उठली नाही.