घटाला घातलेलं पाणी

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. त्या वर्षी नवरात्रात घट बसवायचं काम माझ्यावर आलं. बायकोला सातवा महिना लागला होता. आधी दोनदा आमचं सगळं अर्ध्यावरच संपलं होतं, म्हणून या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तिला पलंगावरून उतरायची मनाई केली होती. "बाळ सुखरूप येईल ना?" असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आजचा दिवस नीट गेला, एवढंच मी सांगू शकते." असल्या उत्तरांनी माझं समाधान होत नाही. मी कारकून माणूस. मला तारीख लागते.

बायको पडल्या पडल्या सूचना देत होती. "अहो, आधी पत्रावळीवर माती. मग गहू. घटाभोवती माती काय लिंपताय, चूल घालताय का?" कसाबसा घट बसला, दिवा लागला, पहिली माळ चढली तीही तिरकी. मी हात जोडून वणीच्या देवीला सांगून टाकलं, की सगळं नीट होऊ दे, गड अनवाणी चढेन. त्याच दमात त्र्यंबकची फेरी कबूल केली. ऑफिसातून येताना पंचवटीत आणखी दोन देव लागले, त्यांनाही काहीबाही कबूल केलं.

बायको म्हणाली, "तुम्ही एवढे चालत सुटल्यावर बाळाला सांभाळणार कोण?"

शेजारच्या काकू दर्शनाला आल्या आणि सहज बोलून गेल्या, "घटातलं धान दाट आलं की घरात सगळं भरभरून होतं बरं का." झालं. सकाळी अंघोळ झाली की मी घटाला पाणी घाली, ऑफिसला निघताना घाली, आल्यावर बूट काढायच्या आधी घाली. चारपाच माळा झाल्या, एव्हाना कोंब वर यायला हवे होते. आमच्याकडे मातीला आंबूस वास आणि वर पांढरी बुरशी. कडेला थोडे फिकट कोंब होते, तेही मान टाकलेले.

काकू पुन्हा आल्या, घटाकडे पाहिलं आणि काहीच बोलल्या नाहीत. काकूंना गप्प बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांची पाठ वळताच मी बायकोला म्हटलं, "हे सगळं विसर्जन करतो. नवी माती आणून दुसरा घट बसवू."

"बसलेला घट हलवतात का कुठे?"

"अगं, पण बघ तरी! हे काय लक्षण म्हणायचं?"

तिने कुशीवर होऊन नीट पाहिलं. "तुम्ही पाणी किती घातलंत, त्याचं लक्षण आहे. गहू कुजलेत." तिला हसू आलं, ते तिने पोटावर हात ठेवून आवरलं. "देवी अजून काही बोललेली नाही."

"मग कधी बोलेल?"

"नाहीच बोलली, तर उद्याची माळ चुकवणार आहात?"

घाबरलेली तीही होती. भिंतीकडे तोंड करून पडली की तिचे खांदे हलत, ते मला दिसत. पण तशीच घाबरलेली ती दुसऱ्या दिवशी फुलं मागून घेई, पडल्या पडल्या माळ ओवी. मी ती त्या कुजक्या घटावर सोडी, दिव्यात तेल घाली, नैवेद्य दाखवी. पुढचं काही कळत नसताना आजचं तेवढं करायचं, ही सवय मला नव्हती. देवाला आजवर जे दिलं ते पोच मिळेल या बोलीवर. उरलेल्या माळा मात्र मी काहीही न मागता चढवल्या. खरं सांगायचं तर मागायचीच भीती वाटत होती. त्याला श्रद्धा म्हणत असतील, तर तेव्हा माझ्याकडेही थोडी होती.

दिवाळीनंतर, दिवस भरायच्या आतच, मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून काही सांगता येत नाही." मी 'मग कधी?' असं विचारणार, तेवढ्यात बायकोने त्यांना विचारलं, "दूध कधी पाजायचं?"

"आत्ताच. चमच्याने, अगदी थोडं थोडं."

"अहो, उभे काय राहिलात? वाटी-चमचा उकळून आणा."

मी आणला. चमचा काठोकाठ भरायला लागलो, तसा बायकोने तो स्वतःकडे घेतला. पहिला थेंब लेकीच्या हनुवटीवरून ओघळला. दुसरा तिने तोंडात धरून ठेवला. आम्ही दोघं बघत राहिलो, आणि मग तिने तो गिळला.