शिळी सुरमई

"आता बोला, भांडण कशाचं हाय?"

रेवदंड्याच्या मासळी बाजारात चंद्राकाकीने माझा दंड धरून मला हिराच्या टोपलीपुढे उभं केलं. चंद्राकाकी बाजारातली सगळ्यांत जुनी कोळीण. तिथले तंटे तीच मिटवते. माझ्या हातात रिकामी पिशवी होती आणि डोक्यात एकही धड खोटं कारण येत नव्हतं.

भांडण नव्हतंच. मी सायकॉलॉजिस्ट, हिरा माझी क्लायंट. (हे तिला वाचून दाखवून लिहिते आहे. नाव बदललं आहे, मासाही बदलला आहे.) आमच्या कामात बाउंड्री म्हणून एक प्रकार असतो. क्लायंटशी दुसरं नातं ठेवायचं नाही. बाहेर भेट झाली तर आपण होऊन ओळखही दाखवायची नाही, नाहीतर लोक अंदाज बांधतात. सहा वर्षं मी हिराकडूनच मासे घ्यायचे. ती दर बुधवारी अलिबागला माझ्या क्लिनिकमध्ये येऊ लागली तसं ते बंद केलं. दोघींनी मिळून ठरवलं होतं. मी तर नियम इतका चोख पाळला की तिच्या टोपलीवरून जाताना आभाळाकडे बघायचे.

शहरात हे खपलं असतं. इथे तिसऱ्या दिवशी बाजारभर झालं, बाईने हिराशी अबोला धरला.

मी काय काम करते हे बाजाराला ठाऊक होतं. म्हणजे माझी जीभ जरा घसरली की संपलं. हिराच्या मुलीचं लग्न ठरत होतं, मुलाकडचे रविवारी येणार होते. आई डोक्याच्या डॉक्टरकडे जाते हे कळलं तर बोलणी मोडतील, या धास्तीने ती घरी रूट कनाल सांगून यायची. गेले तीन महिने एकाच दाताचं.

आणि तिची अडचण काय, तर तिला कुणाला उलट बोलताच येत नसे. घसाच बंद व्हायचा. तिची जाऊ रंजना हिने तिची बाजारातली कोपऱ्याची जागा बळकावली, तरी ही गप्प. क्लिनिकमध्ये रिकाम्या खुर्चीला रंजना समजून आम्ही एकच वाक्य घोटत होतो, 'ती जागा माझी आहे.' खुर्चीपुढेही तिचा आवाज फुटत नव्हता.

"तसं काही नाही हो काकी," मी पुटपुटले.

तेवढ्यात हिरा बोलली. "ह्या माझ्या सुरमईला शिळी बोलल्या."

कोळणीच्या मासळीला शिळी म्हणायचं म्हणजे तिच्या घराण्यालाच नावं ठेवायची. मी जन्मात असं बोलले नव्हते. सगळ्या जणी माझ्याकडे अशा बघायला लागल्या की पुढची सुरमई मीच.

"असंल शिळी," रंजना कोपऱ्यातून हसत म्हणाली.

हिरा गर्रकन वळली. "तू गप ऱ्हा. आनि तुजी टोपली उचल. ती जागा माझी हाय."

तेच वाक्य! मला आनंदाने नाचावंसं वाटलं. टाळी वाजवायला हात वर गेलेसुद्धा. मग भान आलं आणि तेच हात मी जोडले.

"चुकले मी. सुरमई ताजी होती."

काकीने निवाडा दिला. रंजनाने टोपली हलवायची आणि मी हिराच्या हातून मासा घेऊन अबोला सोडायचा. मी घेतला. घरी येऊन हिराच्या फाइलमध्ये नोंद केली, 'बाउंड्री मोडली. कारण, सुरमई.'

बुधवारी हिरा आली, ताठ बसली. "बाई, शिळी बोललात ते मनाला लागलं."

"हिराताई, मी बोललेच नव्हते."

"म्हायती हाय. तरी लागलं."

दोघी इतक्या हसलो की बाहेरच्या रिसेप्शनिस्टने दार वाजवलं.

मुलीचं लग्न जमलं. लग्नाला मीही गेले, नाहीतर काकीने पुन्हा दंड धरला असता. आता नव्या क्लायंटला पहिल्याच दिवशी विचारते, बाहेर भेटलो तर किती बोलायचं? गावात न बोलणं हीच मोठी बातमी असते, हे मला कुठल्याच कोर्समध्ये शिकवलं नव्हतं.

हिराचं गुपित अजून शाबूत आहे. माझं नाव मात्र गेलं ते गेलंच. आजही त्या बाजारात प्रत्येक कोळीण भाव सांगण्याआधी माशाचा लाल कल्ला उघडून माझ्या नाकासमोर धरते, आणि मी मुकाट्याने वास घेते.